वहीतला शनी

माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर सगळ्यात वर तारीख असते, तिच्याखाली तिथी आणि नक्षत्र, आणि मग दिवसभरात जे काय घडलं असेल ते. 'ज्येष्ठ वद्य पंचमी, शततारका. मिक्सर दुरुस्त होऊन आला. पाऊस अजून नाही. रात्री दोनदा उठले.' असं. ही वही कोणाला दाखवण्यासारखी नाही, पण ज्यांना ठाऊक आहे ते हमखास एकच प्रश्न विचारतात: तुमचा ज्योतिषावर विश्वास आहे का? मी नाही म्हटलं तर त्यांना ते नक्षत्र दिसतं आणि हो म्हटलं तर माझी ताई दिसते. त्यामुळे मी बहुतेक वेळा चहा ठेवायला उठते.

तिथी-नक्षत्राची सवय मात्र श्रद्धेतून आलेली नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून आलेली आहे. रायपूरच्या मराठी घरांत दोन कॅलेंडरं असतात. एक 'कालनिर्णय', जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं. दुसरं जबलपूरचं 'लाला रामस्वरूप', जे इथल्या प्रत्येक घरात असतं आणि ज्याच्यावाचून कामवाली बाई कोणत्या दिवशी येणार नाही हे कळत नाही. आमचा महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण आमच्या पंधरा दिवस आधी लागतो. लहानपणी शेजारच्या काकी विचारायच्या, "आप लोगों का सावन अभी नहीं लगा?" जणू आम्ही वर्गात मागे राहिलेली मुलं. गंमत अशी की अमावास्या मात्र दोघांची एकच. आमच्या आषाढातली दिव्यांची अवस म्हणजे त्यांच्या श्रावणातली हरेली. आई त्या दिवशी सगळे दिवे, समया घासून पाटावर मांडायची आणि त्याच सकाळी गावाकडे नांगर, कुदळी, फावडी धुऊन पुजली जायची, दारात कडुनिंबाची डहाळी खोचली जायची, पोरं गेडीवर चढायची. एकाच दिवसाला दोन महिन्यांची नावं आणि दोन्ही बरोबर, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं.

वेळेचंही तसंच. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ मुंबईची. रायपूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ नऊ अंश, म्हणजे आमच्याकडे सगळं पस्तीसेक मिनिटं आधी. आई नागपूरची वेळ घ्यायची आणि त्यातून दहा मिनिटं वजा करायची. ते गणित तिला कोणी शिकवलं कोण जाणे, पण भुकेल्या पोटी तिने ते कधी चुकवलं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग आलेल्या घरांपासून ते रेल्वेत, सिंचन खात्यात, शाळांत नोकरीला आलेल्या घरांपर्यंत, तात्यापाऱ्यातल्या सगळ्याच बायका असंच काहीतरी वजा करून जगत असणार. तिच्या कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख आणि कधी कधी एकच शब्द असायचा: 'डोकं', 'पत्र', 'भांडण'. तिची तीच रोजनिशी.

माझी वही सुरू झाली जानेवारी २०२० मध्ये. संक्रांतीनंतरच्या एका हळदीकुंकवात, वाण हातात घेता घेता एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की तुमची कुंभ रास ना, मग चोवीस तारखेला शनी मकरेत जातोय, साडेसाती सुरू. बारावा शनी. खर्च, दवाखाना, झोपेचं नुकसान. हे सांगताना त्यांचा स्वर इतका मायेचा होता की रागही येईना. झोपेचं नुकसान तर आधीच सुरू झालेलं होतं. सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता आणि त्या रात्री दोनला उठून त्यांच्या माहेरच्या, यवतमाळच्या घराची किल्ली मागायच्या. मार्चमध्ये सगळं बंद झालं. मदतीला येणारी बाई यायची थांबली. मी रात्री त्यांना पुन्हा झोपवून स्वयंपाकघरात बसायचे आणि लिहायचे.

आणि इथे शनी उपयोगी पडला. आमच्या घरात वही फ्रीजवर पडलेली असते, कोणीही उघडू शकतं. 'मला आज सासूबाईंचा फार राग आला' असं वाक्य मी त्या वहीत लिहिलं नसतं. आजारी माणसाचा राग येणं हे लिहायचं नसतं, आमच्या पिढीला तर मनातही आणायचं नसतं. पण 'बारावा शनी आज फार तापला' हे मी बेधडक लिहू शकत होते. 'शनीने झोप नेली.' 'शनीने ताटलीवर ताटली आपटली.' ती ताटली मी आपटली होती, हे मला माहीत होतं आणि वहीलाही. पण त्या भाषेत कोणाचाच दोष नव्हता, म्हणून ती लिहिता येत होती. नुसती रोजनिशी लिहायला मी त्याआधी चार वेळा घेतली होती आणि चारही वेळा फेब्रुवारीत सोडली होती.

पुढे महिनाभराने तेच तेच वाचून मला कंटाळा आला. राग, झोप, राग. मग पंचांगातली एक जुनी युक्ती मी माझ्या सोईसाठी वापरायला घेतली. मुहूर्त बघताना ताराबळ बघतात: आपल्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊ-नऊचे गट करायचे. जन्म, संपत्, विपत्, क्षेम, प्रत्यरी, साधक, वध, मित्र, परममित्र. माझं शततारका, म्हणजे पूर्वाभाद्रपदाला संपत्, उत्तराभाद्रपदाला विपत्, रेवतीला क्षेम, असं मृगापर्यंत नऊ. मग आर्द्रेपासून पुन्हा जन्म, स्वातीपासून तिसऱ्यांदा. सत्तावीस नक्षत्रांत तीन फेऱ्या. चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो, म्हणून प्रत्येक तारा नवव्या दिवशी परत येते.

मुहूर्त बघणारे विपत्, प्रत्यरी आणि वध टाळतात. मी काहीच टाळलं नाही. मी त्या नऊ नावांचे नऊ प्रश्न केले. जन्म: आज शरीर काय म्हणत होतं? संपत्: पैसा कुठे गेला, कुठून आला? विपत्: कशाची भीती वाटली? क्षेम: कोणाची खुशाली विचारली? प्रत्यरी: कोण आडवं आलं? साधक: कोणतं काम हातावेगळं झालं? वध: काय संपलं, काय संपवायला हवं? मित्र आणि परममित्र यांत फरक करायला मला बरेच महिने लागले. शेवटी मित्र म्हणजे ज्याच्याशी आज बोलले तो आणि परममित्र म्हणजे ज्याच्याशी बोलायला हवं होतं तो, असं ठरवलं. एकच नियम पाळला. सकाळी पंचांग उघडायचं नाही. रात्री, दिवस सरल्यावर, नक्षत्र बघायचं आणि त्याचा प्रश्न लिहायचा. सकाळी 'विपत्' वाचलं की दिवसभर माणूस पायाखाली बघत चालतो.

याने काय झालं? भीतीबद्दल मी आयुष्यात कधी सलग चार ओळी लिहिल्या नव्हत्या. आता दर नवव्या दिवशी लिहाव्याच लागत होत्या. मनासारखा प्रश्न निवडायची मुभा असती तर मी रोज झोपेबद्दलच लिहिलं असतं. मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९४७ साली बंगळूरचे ज्योतिषी बी. व्ही. रामन यांना पत्रात कळवलं होतं की अवघड रुग्णांच्या बाबतीत ते कुंडली मागवून बघतात. मोठा माणूस, त्यांना तीत काही सापडतही असेल. मला कुंडलीत काही शोधायचं नव्हतं. मला कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि त्या दिवसांत विचारणारं कोणी घरात येत नव्हतं.

हे सगळं ताईला कळलं २०२१ च्या दिवाळीत.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरात एकटी राहते. गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली; शहरातले निम्मे रिक्षावाले आणि एक-दोन डॉक्टर तिला चौकात वाकून नमस्कार करतात. तिचं लग्न झालं नाही. तिच्या पत्रिकेत मंगळ सातवा. बाबा नागपूर, अमरावती, अकोला, जबलपूर, बिलासपूर असे स्थळांना पोस्टकार्डं पाठवायचे आणि परत यायची ती कार्डं जवळजवळ सारख्याच अक्षरातली वाटायची: 'मुलगी पसंत आहे, परंतु पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.' मी शाळेत होते. पोस्टमन आला की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, एवढं मला आठवतं.

ताईने या मंगळाचा हिशेब केव्हाच मांडलेला आहे. लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मुलगी मंगळाची. बारा घरांतली पाच. म्हणजे दर बारा माणसांत पाच जणांना मंगळ आहेच. काही जण चंद्रापासूनही मोजतात. दोन्हीकडून मोजलं तर तिघांतले दोघे सापडतात. "तीनांतल्या दोघांना जो रोग असतो त्याला रोग म्हणत नाहीत," असं ती वर्गातल्यासारखं सांगते. तिच्या कपाटात २००८ च्या पुण्यातल्या त्या चाचणीचं कात्रण आहे: जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघून कोणती कोणाची ते सांगितलं, आणि सरासरी उत्तरं बरोबर आली ४६ टक्के. "नाणं उडवलं असतं तर जास्त आली असती," हे ताईचं भाष्य, आणि तिला ते हसू न येता सांगता येतं.

तर अशा ताईने माझी वही मागितली. मी दिली. तिने वरची ओळ वाचली, मग दुसऱ्या पानाची वरची ओळ, मग तिसऱ्या.

"वध म्हणजे?"

"तो नुसता प्रश्न आहे, ताई."

"शब्द नुसता नसतो. आधी वध लिहायचं आणि मग दिवसभरात मेलेलं काय ते शोधायचं. झुरळ तरी सापडतंच."

तिने एक वर्षाच्या नोंदींवरची तिथी-नक्षत्राची ओळ कागदाच्या पट्टीने झाकली आणि एक-एक दिवस वाचून त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण केली: बरा, वाईट, साधा. चार दुपारी लागल्या तिला. मग पट्ट्या काढल्या आणि ताऱ्यांशी ताडून बघितलं. काही म्हणजे काही जुळलं नाही. वाईट दिवस मित्रतारेवर होते, क्षेमवर होते. भाचीचं लग्न ठरल्याची बातमी आली तो दिवस वध होता. मला त्याचं दुःख झालं नाही, पण चार दुपारी ताई माझी वही वाचत होती याचं अवघडलेपण होतं. तिच्या हातून काही निसटलं नसणार. मी वाट बघत होते.

ती म्हणाली, "प्रश्न चांगले आहेत. नावं काढून टाक. आणि हा शनी कोण आहे?"

"शनी म्हणजे... शनी."

"नाही. तू शनीला क्ष म्हणून वापरते आहेस. क्ष धरायला हरकत नाही, धरल्याशिवाय गणित सुटत नाही. पण शेवटी किंमत काढायची असते. क्षच्या जागी एकेक किंमत घालून बघ. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर ती खरी."

इतकं साधं होतं ते. पण मला ते करायला एक आठवडा लागला. 'शनीने झोप नेली.' आधी लिहिलं: सासूबाईंनी झोप नेली. वाक्य खोटं, त्यांना स्वतःचीच झोप राहिलेली नव्हती. आजाराने झोप नेली. हे खरं, पण ताईने पेन्सिलीने शेजारी लिहिलं: 'अपूर्ण. आजाराने त्यांना उठवलं. तुलाच का उठवलं?' मग मी लिहिलं: धाकट्या दोन्ही दिरांनी झोप नेली. ते दुसऱ्या शहरांत राहतात, रविवारी फोन करतात आणि आई जेवली का विचारतात. हे वाक्य बरंच खरं होतं. आणि त्याखाली, वही फ्रीजवर असते हे ठाऊक असताना, लिहिलं: ह्यांनी झोप नेली. सकाळी ऑफिस असतं म्हणून हे दुसऱ्या खोलीत झोपायचे. ते वाक्य मी खोडलं नाही.

त्या आठवड्यानंतर रात्रीसाठी बाई ठेवली. तिच्या पगाराचे तीन भाग केले आणि दोन भाग दिरांना फोनवर सांगितले. एकाने त्याच दिवशी पैसे पाठवले, दुसऱ्याने दोन महिन्यांनी, मधे काही न बोलता. ह्यांनी ती ओळ वाचली होती की नाही हे मला आजही माहीत नाही. पण ज्या रात्री बाई येत नसे त्या रात्री दोनला मी उठायच्या आत बाहेरचा दिवा लागलेला असायचा. सासूबाई २०२२ च्या नोव्हेंबरात गेल्या. त्या रात्रीच्या नोंदीत शनी नाही. नक्षत्रही लिहायचं राहून गेलं आहे.

ताईने म्हटलं तशी नावं मी काढली नाहीत. शनीही काढलेला नाही. अजूनही पहिल्या झटक्यात तोच येतो. २०२५ च्या मार्चअखेर तो मीनेत गेला, आता म्हणे वाणीवर आणि कुटुंबावर. येऊ दे. नऊ दिवसांनी तोच प्रश्न परत येतो तेव्हा मी मागचं पान उघडते आणि शनीच्या जागी किंमत घालून बघते. कधी माणसाचं नाव बसतं, कधी पैशाचा आकडा, कधी नुसतं हवामान. मे महिन्यात रायपुरात ऊन हीच किंमत पुष्कळदा बरोबर येते. काही ठिकाणी काहीच बसत नाही. तिथे क्ष तसाच राहतो. ताईला ते खपत नाही, मला खपतं. ज्या भाषेत कोणाचा दोष नसतो तिच्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही, आणि त्याच भाषेने ताईचं काय केलं हेही मी विसरत नाही. 'पत्रिका जुळत नाही' या वाक्याशी भांडायला समोर माणूसच नसतो. बाबा कोणाशी भांडणार होते? मंगळाशी?

गेल्या वर्षी पावसाआधी तात्यापाऱ्यातल्या घराची कौलं उतरवून वरचा माळा साफ केला, तेव्हा बिस्किटांचा एक जुना डबा निघाला. त्यात ती पोस्टकार्डं होती. ताईने मला बोलावलं नाही. तिने ती मोजली, लावली आणि तिच्या चौकटीच्या वहीत तक्ता केला. तेव्हा मला कळलं की ती माझे नऊ प्रश्न वर्षभर उतरवून घेऊन लिहीत होती, नावांशिवाय, एक ते नऊ आकडे टाकून, नक्षत्राऐवजी तारखेच्या हिशेबाने. एकूण चौदा कार्डं. नऊ जणांनी पत्रिकेचं कारण दिलं होतं. दोघांनी उंचीचं. एकाने रायपूर फार लांब पडतं असं कळवलं होतं. तो गृहस्थ नागपूरचा. एका कार्डावर पाणी पडून अक्षरं गेली होती.

चौदावं बिलासपूरचं. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत, मुलीचा फोटो पाठवावा, सवडीने येऊन भेटू. त्याच्या कोपऱ्यात बाबांच्या बारीक अक्षरात शाईने दोन शब्द: 'उत्तर नाही.'

ताईने ते कार्ड माझ्यासमोर ठेवलं. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणजे? ती म्हणाली, "त्यांनी नव्हे. पत्र त्यांचंच आहे ना. बाबांनी दिलं नाही. मंगळ लपवून मुलगी दिली असं व्हायला नको म्हणून." थोडा वेळ ती कार्डाची मागची बाजू बघत राहिली. "बिलासपूरला गाडीने दोन तास लागतात गं."

मग तिने तिची वही उघडून दाखवली. वर लिहिलं होतं, 'पत्रिका जुळली नाही', त्याखाली आडवी रेघ, आणि रेघेखाली, गणिताचं उत्तर लिहितात तसं, 'बाबांनी उत्तर दिलं नाही.' त्याला दोनदा अधोरेखित केलं होतं. मला वाटलं तिने हे सातव्या प्रश्नाखाली लिहिलं असेल, काय संपलं, तिथे. तसं मी म्हटलंही. तिने बोट आकड्यावर ठेवलं. पाचव्यात लिहिलं होतं.